होडीच्या पोटातल्या दोन खाचा

समीक्षानं यशराजवर कात्री फेकली आणि ती त्याला लागली नाही, हे तिचं आजही दुखणं आहे. कात्री त्याच्या कानाजवळनं गेली आणि मागं भिंतीला टेकवलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, एका भावी नगरसेवकाच्या गालात उभी घुसली. यशराजनं आधी त्या गालाकडं बघितलं आणि बोंब मारली, "आगं, पाचला डिलिव्हरी हाय त्याची!"

"नेम चुकला," समीक्षा म्हणाली. "पुढच्या येळंला चुकायचा न्हाई."

एवढं बोलून ती कराडजवळच्या मलकापूरच्या त्या फ्लेक्सच्या दुकानातनं बाहेर पडली. पुढचे चौदा महिने तिनं त्या दुकानाची पायरी चढली नाही. ही हकिकत त्या चौदा महिन्यांची आहे. गरिबाच्या पोरीचा राग म्हणजे चुलीवरच्या दुधाचा ऊत, फुंकर मारली की बसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जरा नीट वाचावी.

समीक्षा जत तालुक्यातल्या एका वाडीची. वाडीला नदी नाही. एक ओढा आहे, तो वर्षातनं चार दिवस वाहतो, उरलेले दिवस त्यात बाभळी वाढतात. बाप कोंडीबा मेंढरं राखणारा. अशा गावातल्या पोरीनं होड्या काढायचं काम धरलं, म्हणून वाडीत तिची लय टिंगल झाली. "समे, आमाला बी एक होडी काढ की, वड्यात घालतो," असं पारावरची पोरं म्हणायची. ती उलट विचारायची, "वड्यात पाणी कुठाय? तोंडात घाल."

पहिली होडी तिनं बघितली ती सांगलीत, एकोणीस सालच्या पुरात. टायपिंग आणि डिझाइनचा कोर्स करायला ती सांगलीत खोली घेऊन राहिली होती. गॅलरीपर्यंत पाणी आलं तेव्हा पत्र्याची होडी आली आणि हिला उचलून घेऊन गेली. होडीतल्या बाया देवाचा धावा करत होत्या. ही मात्र वाकून पत्रा कुठं वाकवलाय, जोड कुठं मारलाय, पुढचं नाक दोन्ही बाजूंनी कसं मिटवलंय ते बघत होती. भीती तिला नंतर वाटली, कोरड्यात आल्यावर.

मलकापूरला ती आली लालासाहेबांच्या शब्दावर. लालासाहेब म्हणजे फौजेतनं सुभेदार म्हणून परतलेला माणूस, हायवेच्या अलीकडं उसाचं रान. दर हिवाळ्यात ऊस तुटला की कोंडीबाची मेंढरं त्यांच्या रानात बसायला येतात. पाच-सहा रात्री मेंढरं बसली की रानाला खत होतं, कोंडीबाला धान्य मिळतं. वीस वर्षांचा हा रिवाज. एकदा बांधावर बसून कोंडीबा म्हणाला, पोरगी कंप्युटर शिकलीया. लालासाहेब म्हणाले, "मग तिला बांधावर कशाला बसवतोस? आमच्या पुतण्यानं फ्लेक्सचं दुकान काढलंय. धाड तिकडं."

पुतण्या म्हणजे यशराज. पांढरी चारचाकी, पांढरा शर्ट, आणि दुकानात स्वतः येऊन बसायचा तो फक्त फोटो काढण्यापुरता. काम करायच्या दोघी, समीक्षा आणि अपेक्षा. अपेक्षा कराडची, स्वभावानं गरीब, कुणाचंही ऐकणारी. लग्नपत्रिका, फ्लेक्स, गणपतीच्या मखराचे कागदी खांब, सगळं ह्या दोघी करायच्या.

पत्रिकेच्या डब्यासाठी कागद कसा दुमडायचा हे शोधता शोधता समीक्षाला एक वेगळीच जमात सापडली. परदेशात, आणि आता पुण्या-बेंगळुरातही, मोठी मोठी बापई माणसं टेबलाभोवती बसून दिवाळीच्या किल्ल्यावर असतात तसली, इंचभर उंचीची शिपाई-चाच्यांची चित्रं मांडून लढाया खेळतात. फासा टाकायचा, शिपाई पुढं सरकवायचा. त्या शिपायांना बसायला होड्या लागतात. प्लॅस्टिकच्या महाग. म्हणून ही माणसं छापायच्या होड्या विकत घेतात. म्हणजे नुसती फाइल घ्यायची, घरी जाड कागदावर छापायची, कापायची, दुमडायची, चिकटवायची. झाली होडी.

समीक्षानं एक करून बघितली. पुरातली होडी डोक्यात होती, म्हणून खाली गोल पोटासकट केली. ती घेणारा कुठल्या तरी थंड मुलखातला गडी, त्यानं कळवलं, की बाई, तुझी होडी टेबलावर आजारी शेळीसारखी कुशीवर पडते. तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला. टेबल हेच पाणी! पाण्याच्या वर दिसतं तेवढंच करायचं, खालचं पोट छाटून टाकायचं. त्या दिवसापासून तिचं चुकलं नाही. कागद एका अंगानं वाकतो, दोन अंगांनी वाकत नाही. म्हणून झंपरला टक्स घालतात तसे तिनं होडीच्या नाकाला टक्स घातले. डेकवर इंचाइंचाच्या चौकटी आखल्या, शिपाई बरोबर मावले पाहिजेत म्हणून. लाकडाचा रंग वाडीतल्या स्वतःच्या घराच्या दाराचा फोटो काढून घेतला. शिडासाठी बापाचं घोंगडं दुकानाच्या स्कॅनरवर पसरलं. स्कॅनरमध्ये लोकर शिरली म्हणून यशराज दोन दिवस बोंबलत होता. पण ते शीड बघून परदेशातली माणसं खुळी झाली. असलं खरबरीत, वाऱ्यापावसात मार खाल्लेलं शीड त्यांनी कागदावर कधी बघितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिनं केली, जी कुणाला दिसत नव्हती. होडीच्या बाजू आतनं चिकटवायला कडेला फ्लॅप ठेवावे लागतात. होडी पुरी झाली की ते फ्लॅप आत जातात, दिसत नाहीत. त्या प्रत्येक फ्लॅपला तिनं डाव्या अंगाला दोन खाचा मारल्या. एक मोठी, तिच्याशेजारी एक बारकी. कोंडीबाच्या मेंढराच्या डाव्या कानाला हीच खूण असते. प्रत्येक धनगर घराची कानाची खूण वेगळी. कळप पाणवठ्यावर मिसळले, कुणी चार मेंढरं ढापली, तर बापई माणूस कानावरनं अंगठा फिरवून सांगतो हे कुणाचं.

तिनं पहिली होडी रानात नेऊन कोंडीबाच्या हातात दिली तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं ती उलटी केली, आत अंगठा घातला, आणि अंगठा मध्येच थांबला.

"आगं, ही तर आपली हाय!"

"मग काय दुसऱ्याची आसंल?" पोरगी म्हणाली. तेव्हा ती हसत होती.

होड्या विकायला परदेशी पैसे घेणारं खातं लागतं. ते दुकानाचं होतं. यशराज म्हणाला होता, खातं दुकानाचं, नाव तुझंच. पहिल्या सहा होड्यांवर तसं होतंही, कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'रचना: समीक्षा कोंडीबा'. मग मागणी वाढली. एका सकाळी चहाच्या गाड्यावर तिनं पेपर उघडला. आत यशराजचा फोटो, हातात तिची होडी, वर मथळा, 'मलकापूरच्या तरुणाची कागदी गलबतं सातासमुद्रापार'. त्यानं होडी धरली होती शेपटाकडनं पुढं, नाक स्वतःच्या पोटाकडं करून. सुकाणू कुठं असतं हेही त्या गड्याला माहीत नव्हतं. दुकानात येऊन बघितलं तर सगळ्या फाइलींवरनं तिचं नाव गेलेलं.

"माझं नाव कुठाय?"

"दुकान माझं," यशराज मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाला. "कंप्युटर माझा. वीज माझी. तू नुसता माऊस हलवलास."

मग कात्री गेली.

वकिलाकडं ती गेली होती. वकील म्हणाला, कागद दाखवा. कागदच तर चोरीला गेला होता. फाइली त्याच्या कंप्युटरवर, खातं त्याचं, पेपरातला फोटो त्याचा. खाचा होत्या, पण तो म्हणणार, ही माझीच पद्धत. मेंढराच्या कानाची गोष्ट कोर्टात कोण ऐकणार? लालासाहेबांकडं जावं, तर पुतण्या शेवटी त्यांच्या रक्ताचा. नुसत्या तोंडाच्या शब्दावर ते काय करणार? समीक्षानं ओळखलं, की हा माणूस स्वतःच्या तोंडानं खोटं बोलला पाहिजे, चारचौघांत, आणि ते खोटं ऐकायला लालासाहेब समोर पाहिजेत. तोवर गप्प बसायचं.

ती सांगलीला गेली, लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात कामाला लागली. कंप्युटरच्या वर तो पेपरातला फोटो चिकटवला. मालकानं विचारलं, "भाऊ का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "लय जीव हाय माझा त्याच्यावर."

चाळीस-पन्नास पत्रिका दिवसाला लावायच्या, आणि मान वर केली की यशराज. कुणी म्हणेल, असला राग माणसाला खातो. हिला त्यानं खाल्लं नाही, उलट पोसलं. तिचं वजन वाढलं त्या वर्षात.

दहाव्या महिन्यात अपेक्षा सांगलीला आली. इकडचं तिकडचं बोलली, चहा बशीत ओतून गार केला, मग म्हणाली, "एका वळखीच्या माणसाला एक गलबत करून पायजे. दोन मजली. मोठं. कराल का, अक्का?"

"कोण वळखीचा?"

अपेक्षाला खोटं जमत नाही. बशी खाली ठेवून ती रडायलाच लागली. पुण्याची एक खेळ विकणारी कंपनी यशराजच्या मागं लागली होती. होड्यांचा पुरा ताफा डब्यात घालून विकायचा होता. पण त्यांना एक नवीन मोठं गलबत पाहिजे होतं, आणि चौदा जन्म घेतले तरी ते यशराजकडनं झालं नसतं. "त्येनंच धाडलंय मला. म्हणला, जा, तिला दे काम. भूक लागली की येती खाली वाकून."

समीक्षानं बशी उचलून परत तिच्या हातात दिली.

"असं म्हणला?"

"व्हय."

"करते म्हणून सांग."

"अक्का, तुमी खरंच—"

"करते म्हणलं न्हवं? आनि लय चांगलं करते."

तीन आठवडे ती त्या गलबतावर बसली. खोटं काम करून द्यावं, नाक वाकडं ठेवावं, असा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. आपल्या हातचं वाईट काम ह्याच्या नावावर का होईना, जगात जावं, हे तिला सोसलं नसतं. दोन मजले, तीन डोलकाठ्या, घोंगड्याची काळी शिडं. तिच्या हातनं झालेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. आणि झाडून सगळ्या फ्लॅपला खाचा, एक मोठी, एक बारकी.

गलबत गेल्यावर चार दिवसांनी अपेक्षाचा फोन आला. "त्यो इचारतोय, ह्या फ्लॅपला खाचा कशाला? काढू का म्हणतोय."

समीक्षाच्या हातातली पत्रिका तशीच राहिली. पहिल्यांदाच त्यानं होडीच्या आत बघितलं होतं. आता काय सांगावं ह्यावर सगळं होतं.

"त्याला म्हणावं, काढू नगो," ती सावकाश म्हणाली. "डिंक जास्ती झाला की त्या खाचेतनं आत उतरतो, भाईर पसरत न्हाई. खाचा काढल्या तर गलबत वाकडं हुईल."

"खरं काय?"

"तू एवढंच सांग."

साफ खोटं. खाचेनं फ्लॅप उलट कमजोर होतो. एक होडी स्वतःच्या हातानं चिकटवली असती तर यशराजला ते कळलं असतं. पण तयार उत्तर हातात आलं की हा माणूस त्याच्या मागं बघत नाही, हे तिला चार वर्षांत पाठ झालं होतं.

जानेवारीत छापखान्यात एक काम आलं. मलकापुरातल्या एका मंडळाचा 'युवा उद्योजक सन्मान', सत्कारमूर्ती यशराज. प्रमुख उपस्थितीत पुण्याच्या कंपनीचे अधिकारी, आणि 'गलबत जोडण्याचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक'. अध्यक्ष, सुभेदार लालासाहेब. सत्कारमूर्तीच्याच दुकानात कशी छापायची, म्हणून मंडळानं निमंत्रणपत्रिका सांगलीला धाडली होती, ती समीक्षाच्याच टेबलावर आली. तिनं त्याचं नाव ठळक केलं, त्याला सोनेरी किनार दिली, दोन वेळा तपासलं. काना-मात्रेची चूक राहू दिली नाही. मग बापाला फोन लावला.

"आबा, मेंढरं कुठं हायती?"

"सुभेदारांच्या रानात. परवा बसवली."

"रविवारी एक घेऊन या. चांगल्या कानाची."

सभागृह भरलं होतं. फेटे, हार, दारात रांगोळी. समीक्षा मागनं तिसऱ्या ओळीत बसली. यशराजला शाल घातली, नारळ दिला, कुणीतरी त्याच्या जिद्दीवर वीस मिनिटं बोललं. टेबलावर ते तीन डोलकाठ्यांचं गलबत मांडलेलं. समीक्षानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला पोटच्या पोराला परक्याच्या कडेवर बघितल्यासारखं झालं. मग मात्र ती बघायची थांबली, नाहीतर कात्री आठवली असती.

कंपनीचा माणूस चौकस निघाला. त्यानं एक सुटा भाग हातात घेऊन माइकवरच विचारलं, "यशराजजी, सगळ्या फ्लॅपना ह्या दोन खाचा आहेत. आमच्या लोकांचं म्हणणं, त्यामुळं फ्लॅप फाटतो. काढून टाकल्या तर चालेल का?"

"न्हाई न्हाई," यशराज घाईनं म्हणाला आणि माइक जवळ घेतला. "ती माझी खास पद्धत आहे. मी बरेच प्रयोग करून ती शोधली. डिंक जास्त झाला की खाचेतनं आत उतरतो, बाहेर पसरत नाही. खाचा काढल्या तर गलबत वाकडं होईल."

शब्दाला शब्द. टाळ्या पडल्या. समीक्षा उठून उभी राहिली.

"परत सांगा की. मागं ऐकू आलं न्हाई."

यशराजनं तिला बघितलं आणि त्याचं तोंड पडलं. पण माइक हातात, समोर चारशे माणसं. त्यानं परत सांगितलं. जरा बारीक आवाजात, पण सांगितलं.

"म्हंजे ह्या खाचा तुमी शोधल्या?"

"हो, मीच."

"आबा," समीक्षा दाराकडं वळून म्हणाली, "या आत."

कोंडीबा आत आला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर काळी मेंढी आडवी टाकलेली. दारातल्या एका कार्यकर्त्यानं त्याला अडवलं तर तो म्हणाला, "आवं, सुभेदारांच्या रानातली हाय, पाहुणीच समजा." आणि सरळ मधल्या वाटेनं चालत जाऊन त्यानं मेंढी टेबलावर, शाली-नारळाच्या शेजारी उभी केली. मेंढीनं इकडंतिकडं बघितलं आणि सत्काराच्या गुच्छातला शेवंतीचा तुकडा तोंडात धरला. सभागृहात हशा उसळला.

लालासाहेब हसले नाहीत. ते खुर्चीतनं उठले, खिशातनं चष्मा काढला, मेंढीचा डावा कान दोन बोटांत धरला. त्या कानाशी त्यांची वीस वर्षांची ओळख. एकदा त्यांच्याच रानात दोन कळप मिसळले होते, तेव्हा न्याय त्यांनीच केला होता, ह्याच खुणेवर. कानावरनं अंगठा फिरला. मग त्यांनी टेबलावरचं गलबत उचललं, उलटं केलं, आणि आत अंगठा घातला.

हशा आपोआप बंद झाला.

"यशराज," ते म्हणाले, "ही खूण कुणाची?"

"काका, योगायोग... कागदाला काय, कुठंही खाच..."

"खूण कुणाची, ते इचारतोय मी."

समीक्षा पुढं आली होती. "सुभेदार, मला काय बोलायचं न्हाई. पत्रिकेत लिहिलंय, प्रात्यक्षिक. त्यो कागद, ती कात्री. सगळ्यात बारकी होडी करून दाखवा म्हणावं त्यांना. दहा वर्षांचं पोरगं बी करतंय ती."

खरं तर प्रात्यक्षिकाला अपेक्षाला उभी करायचं ठरलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती. लालासाहेब तिच्याकडं न बघता म्हणाले, "त्योच करंल."

यशराजनं कागद घेतला. होडीच्या कागदावर दोन तऱ्हेच्या रेघा असतात. सलग रेघ कापायची, ठिपक्यांची रेघ दुमडायची. दुमडायच्या आधी संपलेल्या पेनाच्या रिफिलनं ती रेघ दाबून घ्यायची, म्हणजे घडी सरळ बसते. होडी करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळतं. यशराजच्या दुकानात वर्षानुवर्षं पावत्या आणि कुपनं छापली जात होती, आणि कुपनावर ठिपक्यांची रेघ म्हणजे 'इथे कापा'. त्यानं कात्री उचलली आणि सगळ्या ठिपक्यांवरनं सरळ चालवली. एक बाजू कापली, दुसरी कापली, नाक कापलं. फ्लॅप एकेक करून टेबलावर पडले, खाचांसकट.

मग तो थांबला. हातात चार-पाच सुटे कागद, चिकटवायला काही उरलेलंच नाही. पहिल्या रांगेतनं एक म्हातारं म्हणालं, "बाळा, आता डिंक कशाला लावणार? सुपारी गुंडाळ त्यात."

ह्या वेळी जो हशा झाला त्यात कंपनीचा माणूसही होता. मेंढी पडलेला एक फ्लॅप चघळत होती.

लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं पुतण्याच्या खांद्यावरची शाल उतरवली. समीक्षाच्या अंगावर घालायला ते वळले तर ती मागं सरली.

"वापरल्याली नगो मला."

"मग काय पायजे तुला? बोल. आज बोलशील ते हुईल."

चौदा महिने तिनं ह्या प्रश्नाचं उत्तर घोटून ठेवलं होतं. फाइली तिच्या नावावर परत, खात्याच्या पानावर तिचं नाव, हे तर होतंच. कंपनीचा माणूस तिथंच तिच्याशी बोलायला लागला होता. पण ते तिला पुरणारं नव्हतं.

"एक फ्लेक्स पायजे," ती म्हणाली. "दहा बाय पंधरा. हायवेला, ह्यांच्या दुकानावर. ह्यांच्याच मशिनवर छापायचा. डिझाइन मी करणार. आनि त्यो चौदा म्हैनं उतरवायचा न्हाई."

तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतो तसा यशराजचा मोठा फोटो, हात जोडलेले, मागं उगवता सूर्य. आणि मजकूर, 'ह्या सर्व होड्या समीक्षा कोंडीबा हिच्या आहेत. मी नुसता माऊस हलवला.' पुण्याहून कोल्हापूरला जाणारं माणूस बसमधनं मान वळवून वाचायचं. कुणी तरी फोटो काढून सगळीकडं पाठवला. मलकापुरात यशराज दिसला की पोरं तर्जनी वर-खाली करून माऊसची खूण करायची.

सहाव्या महिन्यात यशराजची आई बनुबाई सांगलीला आली. भली बाई. छापखान्याच्या बाकावर बसली, पदरानं घाम पुसला. "पोरी, त्याचं लगीन ठरायचं हाय. पावणं हायवेनंच येत्यात. उतरव गं तेवढा. किती दिस झालं आता."

समीक्षानं तिला चहा दिला, बिस्किटं दिली, पाय दुखतात म्हणाली म्हणून मागं उशी दिली. बनुबाईचा तिला राग नव्हता. चार वर्षं त्या बाईच्या हातची चटणी-भाकरी खाल्ली होती. क्षणभर तिनं समोरच्या भिंतीकडं बघितलं. पेपरातला तो फोटो अजून तिथंच होता, होडी नाक आत करून धरलेली.

"मावशी," ती म्हणाली, "पावण्यास्नी कराडच्या आतल्या रस्त्यानं आणा. आजून आठ म्हैनं हायती."

बनुबाई गेली. समीक्षानं तिला स्टँडपर्यंत सोडलं, एसटीत जागा धरून दिली.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती स्वतः मलकापूरला जाते. काम काही नसतं. हायवेच्या पलीकडं उभं राहायचं, फ्लेक्स बघायचा, रसवंतीत एक ग्लास रस प्यायचा, परत यायचं. कंपनीच्या डब्यात आता तिची अकरा गलबतं आहेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिचं नाव, आणि आत खाचा. कंपनीनं खाचा काढायला सांगितल्या होत्या. तिनं काढल्या नाहीत, फ्लॅप रुंद केला.

परवा गेली तेव्हा अपेक्षा सोबत होती. ऊन-पावसानं फ्लेक्सचा रंग उडाला होता. यशराजचा चेहरा निळा पडलेला, जोडलेले हात पुसट, मागचा सूर्य तर गेलाच होता. मजकूर मात्र कालच छापल्यासारखा काळाकुट्ट.

"असं कसं झालं, अक्का?" अपेक्षा म्हणाली. "तोंड गेलं, नाव तसंच!"

"फ्लेक्सवर लाल आनि पिवळा आदी उडतो," समीक्षा म्हणाली. "काळा र्‍हातो. त्याचं तोंड मी लाल-पिवळ्यात घातलं आनि माझं नाव काळ्यात. चार वर्सं काय नुसता माऊस हलवला व्हय मी?"

तिनं रसाचा ग्लास संपवला, बर्फ दाताखाली फोडला आणि बोटांवर हिशेब केला. अजून दोन महिने होते.